लवणासुर, ज्वालामुखी आणि काचेचा एक कण

लोणारचे विवर कशाने झाले, याची आजवर तीन उत्तरे दिली गेली. राक्षसाच्या बिळाचे झाकण देवाने उडवले. जमिनीखालचा ज्वालामुखी फुटला. आकाशातून दगड येऊन आदळला. पहिले उत्तर पुराणाचे, दुसरे एकोणिसाव्या शतकातल्या भूशास्त्रज्ञांचे, तिसरे १९७३ नंतर जगभर मान्य झालेले. उत्तरे देणारी माणसे आपापल्या जागी प्रामाणिक होती. श्रद्धा आणि नास्तिकता यांवरचे आपल्याकडचे वाद बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरतात : मानता की नाही? बुलढाणा जिल्ह्यातल्या या खड्ड्याचा इतिहास वाचताना दुसराच प्रश्न पुढे येतो, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. किती खात्रीने मानता, आणि ती खात्री कशावर उभी आहे?

विवर साधारण १.८ किलोमीटर रुंद आहे आणि काठापासून तळ्यापर्यंत सुमारे दीडशे मीटर खोल. काठ भोवतालच्या शिवारापेक्षा थोडा उचललेला. खडक दख्खनच्या पठाराचाच, काळा बसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तळाशी हिरवट, खारे आणि अतिशय क्षारयुक्त पाणी. मात्र काठावरच्या धारेचे पाणी गोड आहे आणि ते बारमाही वाहते. तळ्याकाठी कमळजा देवीचे देऊळ आहे, नवरात्रात तिथे यात्रा भरते. देवळाजवळच्या विहिरीला लोक सासू-सुनेची विहीर म्हणतात. तिचे अर्धे पाणी गोड आणि अर्धे खारट, असे सांगतात. कोरड्या वऱ्हाडात अशी जागा दिसल्यावर माणसाने तिच्यासाठी गोष्ट रचली नसती तरच नवल.

गोष्ट अशी. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली बीळ करून राहत होता आणि भोवतालच्या लोकांना छळत होता. विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेतले, पायाच्या अंगठ्याने बिळाचे झाकण उडवले आणि दैत्याला मारले. नैर्ऋत्येला कित्येक कोसांवर एक टेकडी आहे, तीच ते उडालेले झाकण. तळ्याचे पाणी म्हणजे दैत्याचे रक्त, त्यातले मीठ म्हणजे त्याचे मांस. गावातले दैत्यसूदनाचे देखणे मंदिर याच कथेवर उभे आहे. यादवकाळाच्या आसपासचे हे काम विदर्भातल्या उत्तम शिल्पकामात मोजावे लागते. याच परिसरात चक्रधरस्वामींचा वावर होता. लीळाचरित्रात लोणार येते.

या कथेकडे केवळ भाबडेपणा म्हणून पाहणे मला पटत नाही. तिने जे पाहिले ते नीट पाहिले आहे. हा खड्डा हळूहळू झिजून झालेला नाही, एका घडीत झाला आहे. इथली वस्तू इथून उडून दूर गेली आहे. खारेपणाचा आणि खड्ड्याचा काही संबंध आहे. निरीक्षण चांगले होते, कारण मात्र तपासण्याजोगे नव्हते. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने आइन-ए-अकबरीत या जागेची नोंद केली, पण त्याचे लक्ष कथेकडे नव्हते. काच आणि साबण करायला लागणारा खार इथे मिळतो, त्यावर चांगला महसूल येतो, खाऱ्या पाण्यातच गोडे पाणीही सापडते, असे त्याने लिहून ठेवले. कारकुनाच्या नजरेला कारणाची गरज नव्हती.

१८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर हा ब्रिटिश अधिकारी लोणारला आला आणि युरोपीय विद्येच्या नोंदीत हे तळे शिरले. त्यानंतर भूशास्त्रज्ञ येत राहिले. माल्कमसन आणि न्यूबोल्ड यांनी १८४०च्या दशकात लोणारवर लिहिले, पुढे ब्लॅनफर्डने लिहिले. बहुतेकांचे उत्तर ज्वालामुखीच्या आसपासचे होते, आणि त्या काळी ते अत्यंत वाजवी होते. सगळे पठारच लाव्ह्याचे आहे. लाव्ह्याच्या प्रदेशात गोल खड्डा दिसला तर दुसरे काय म्हणायचे? शिवाय आकाशातून दगड पडतात ही गोष्टच विद्वानांनी १८०० च्या सुमारास, बरीच टाळाटाळ करून मान्य केली होती. त्याआधी शेतकऱ्यांनी पाहिलेले दगड हे अडाण्यांचे भ्रम मानले जात. शंका घेणारा नेहमी सत्याच्या बाजूला असतो, हा आपला समज या एका प्रकरणात तरी खोटा ठरतो.

अडचण मात्र तेव्हाही दिसत होती. दख्खनचा लाव्हा अतिप्राचीन, आणि हे विवर कालपरवा झाल्यासारखे ताजे. त्यातून वाहिलेला नवा लाव्हा कुठे नाही, राख नाही. म्हणून कुणी वाफेच्या स्फोटाची कल्पना लढवली, कुणी जमीन खचल्याची. गृहीत तसेच ठेवून त्याला ठिगळे लावण्याचे काम साठ-सत्तर वर्षे चालले.

या टप्प्यावर गोष्ट लोणारपासून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाते, आणि तिथे मला थोडे थांबायचे आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात सुमारे १.२ किलोमीटर रुंदीचे एक विवर आहे. भोवती लोखंडी उल्कांचे तुकडे विखुरलेले. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा त्या काळचा अमेरिकेतला अग्रगण्य भूशास्त्रज्ञ. १८९१ मध्ये तो तिथे गेला तेव्हा हा खड्डा उल्केचाच असावा अशी शक्यता त्याच्या मनात होती. त्याने दोन कसोट्या लावल्या. मोठा लोखंडी गोळा खाली पुरलेला असेल तर होकायंत्राची सुई हलली पाहिजे. आणि तो गोळा खड्ड्यात जागा अडवून बसला असेल तर काठावर पडलेली माती खड्ड्यात मावणार नाही, उरेल. सुई हलली नाही. मोजणीत काठावरची माती आणि खड्ड्याची पोकळी सारखीच भरली. गिल्बर्टने स्वतःचीच आवडती कल्पना सोडून दिली आणि वाफेचा स्फोट हे उत्तर स्वीकारले.

१८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्याख्यानात त्याने हे सगळे मांडले. विषय होता, तर्क सुचतात कसे आणि पारखायचे कसे. अ‍ॅरिझोनाचे विवर हे त्याचे उदाहरण. त्याच व्याख्यानात त्याने लोणारचा दाखला दिला : दूर हिंदुस्थानात असेच एक विवर आहे, असाच स्फोट तिथे झाला असावा. दोन्ही विवरे एकाच जातीची आहेत, हे त्याने बरोबर ओळखले. ती जात कोणती, हे चुकले. व्याख्यानाच्या अखेरीस त्याने स्वतःच्या निष्कर्षाविषयीही सांगितले की कोणताही निष्कर्ष, कितीही मान्यता पावला तरी, नव्या वस्तुस्थितीपुढे पुन्हा तपासायची वेळ येऊ शकते.

हा माणूस चुकला तरी त्याच्याबद्दल मला आदर वाटतो, आणि तो केवळ नम्रतेसाठी नाही. त्याने आपली खात्री कशावर उभी आहे ते उघड लिहून ठेवले होते. म्हणून पुढच्या माणसाला चूक नेमकी कुठे आहे ते शोधता आले. गिल्बर्टने धरले होते की पडलेला दगड शाबूत उरतो. सेकंदाला दहा-पंधरा किलोमीटर वेगाने आदळणारी वस्तू बहुतांशी वितळून आणि वाफ होऊन जाते. सुई हलवायला खाली फारसे काही उरत नाही. त्याच अ‍ॅरिझोनात १९०३ पासून डॅनियल बॅरिंजर नावाच्या खाणमालकाने पुरलेल्या लोखंडासाठी जमीन पोखरली. विवर उल्केचे आहे असे तो सांगत राहिला, आणि ते खरे निघाले. लोखंडाचा गोळा मात्र सापडला नाही. १९२९ मध्ये तो वारला तोवर त्याचा पैसा त्या भोकांत गेला होता. एकाची पद्धत चोख आणि उत्तर चुकीचे, दुसऱ्याचे उत्तर बरोबर आणि हिशेब चुकलेला. खात्री आणि सत्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यापेक्षा ठसठशीतपणे कुठे दिसेल असे वाटत नाही.

१९६० मध्ये यूजीन शूमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अ‍ॅरिझोनाच्या वाळूच्या खडकात कोएसाइट सापडले. गारगोटीचे हे रूप प्रचंड दाबाखालीच तयार होते. तिथला वाद मिटला. मग साहजिकच लोणारकडे नजर वळली. १९६४ मध्ये लाफॉन्ड आणि डीट्झ यांनी लोणारवर लेख लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह ठेवले : हे उल्काविवर असावे का? चार वर्षांपूर्वीच्या अमेरिकन विजयानंतर ठाम विधान करणे सोपे होते. पण लोणारच्या बसाल्टमध्ये गारगोटी जवळजवळ नाही, त्यामुळे कोएसाइटचा पुरावा इथे मिळणारच नव्हता. दिसायला सारखे आहे, एवढेच त्यांच्या हाती होते. म्हणून प्रश्नचिन्ह. हातात जेवढे आहे तेवढेच म्हणायचे, याचा तो चांगला नमुना आहे.

बसाल्टमध्ये शोधायचा असतो मॅस्केलिनाइट. फेल्डस्पार या खनिजाला सुमारे तीन लाख वातावरणांच्या घरातला धक्का बसला की ते न वितळताच काचेसारखे होते. ज्वालामुखीला असा धक्का देता येत नाही. या काचेची ओळखही हिंदुस्थानातल्याच एका दगडातून पटली : १८६५ मध्ये बिहारात गयेजवळ शेरघाटीला पडलेल्या उल्केत १८७२ मध्ये ती प्रथम सापडली. तो दगड मंगळावरून आलेला आहे असे आता मानले जाते.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेसह आणि तिथल्या भूसर्वेक्षणासह लोणारच्या तळात भोके पाडली, काठावर चर खणले. १९७३ मध्ये फ्रेडरिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा लेख प्रसिद्ध झाला. तळाखालच्या चुऱ्यात मॅस्केलिनाइट होता. काठावर वितळलेल्या खडकाचे गोळे आणि काचेचे गोल कण होते, आणि ते अपोलो यानांनी चंद्रावरून आणलेल्या नमुन्यांशी जुळत होते. शीर्षकात आता प्रश्नचिन्ह नव्हते. दीडशे वर्षे टिकलेली ज्वालामुखीची खात्री कुणाच्या वक्तृत्वाने हटली नाही; भोकातून वर आलेल्या दगडाने हटवली.

आपल्या तत्त्वज्ञानात हा सगळा विचार जुना आहे. प्रमाण कोणते, हा न्यायशास्त्राचा पहिला प्रश्न : प्रत्यक्ष, अनुमान, शब्द यांतले कशाला किती वजन द्यायचे? चार्वाक फक्त प्रत्यक्ष मानतात, असे सर्वदर्शनसंग्रहात माधवाचार्यांनी मांडले आहे : धूर दिसला म्हणून सर्वत्र अग्नी असेलच याची हमी कोण देणार? ही भूमिका अक्षरशः धरली तर लोणारची उल्काही जाते, कारण ती पडताना पाहणारा साक्षीदार आपल्यापुढे नाही. पण चार्वाकांचे सगळेच तसे म्हणत नव्हते. पुरंदर या चार्वाकाचे मत बौद्ध पंडित कमलशीलाने आठव्या शतकात नोंदवून ठेवले आहे : लोकव्यवहारातले अनुमान आम्ही मानतो, ज्याचा पडताळा इहलोकात कधीच घेता येत नाही अशा गोष्टींपर्यंत ते ताणायला आमचा विरोध आहे. नास्तिकतेची ही मांडणी मला सर्वांत प्रौढ वाटते. ती सगळे नाकारत नाही. पडताळा कुठपर्यंत पोहोचतो ते पाहून पाऊल टाकते. तळाखालची काच पडताळ्याच्या आत आहे. कमळजेच्या पायाशी बसलेल्या बाईला मिळणारे समाधान खरे आहे की नाही, हा प्रश्न छिद्रणयंत्राच्या कक्षेतला नाही, आणि नास्तिकाने तो त्या यंत्राने सोडवल्याचा आव आणू नये.

उलट बाजूनेही एक आव आणला जातो, आणि त्याला ठाम नकार द्यायला हवा. लवणासुराची कथा म्हणजे उल्कापाताची आठवण, आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते, असे आता सहज बोलले जाते. जरा विचार करा. विज्ञान ज्वालामुखी म्हणत होते तेव्हाही हीच कथा होती. खालून स्फोट होऊन झाकण उडाले, असा तिचा अर्थ तेव्हा तितक्याच सहज लावता आला असता. खचण्याचे मत टिकले असते तर पाताळातल्या बिळाचा दाखला पुढे आला असता. जी कथा कोणत्याही निकालाशी जुळते ती कोणत्याच निकालाचा पुरावा होऊ शकत नाही. शिवाय कथेत काही वरून पडत नाही. देव झाकण वर उडवतो. दैत्यसूदनाच्या मंदिराला आपले मोठेपण टिकवायला प्रयोगशाळेच्या शिक्क्याची गरज नाही.

श्रद्धेचा दावा जेव्हा उद्याच्या जगाविषयी असतो तेव्हा मात्र तो पडताळ्याच्या आत येतो. याच जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घटमांडणी होते. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी चंद्रभान महाराज वाघ यांनी ती सुरू केली असे मानतात. अठरा धान्यांचे वर्तुळ, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, वर पाण्याची घागर, त्यावर पुरी, पापड, कुरडई. रात्रीतून काय हलले ते पाहून पहाटे पाऊस, पिके आणि राज्यकारभार यांचे भाकीत सांगतात, आणि ऐकायला दुरून शेतकरी येतात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी यावर आक्षेप घेतला आहे आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. पण त्या शेतकऱ्याला हसणाऱ्यांच्या बाजूचा नाही. बियाणे कर्जाने घेतलेल्या माणसाला पावसाचा अंदाज हवा असतो, आणि हवामान खातेही त्याला शक्यताच सांगते. फरक हिशेबात आहे. हवामान खात्याचा अंदाज किती वेळा चुकला ते मोजता येते आणि मोजतात. भेंडवळचे भाकीत वर्षानुवर्षे शब्दशः लिहून, प्रत्यक्ष पर्जन्यमानाशी ताडून ठेवले तर निकाल कुणालाही दिसेल. भाकीत सांगणाऱ्यांनीच हे काम हाती घ्यावे, असे मी मनापासून म्हणतो.

विज्ञानाची लोणारविषयीची सगळीच विधाने एकाच वजनाची नाहीत. उल्केने विवर झाले, यावर आता वाजवी शंका उरलेली नाही. बसाल्टमधले हे जगातले एकमेव उल्काविवर, हे १९७३ च्या माहितीनुसार खरे होते. नंतर ब्राझीलमध्ये बसाल्टातली अशी विवरे ओळखली गेली, तरी आपल्याकडे ‘एकमेव’ हा शब्द अजून सुटत नाही. उत्तरेला पाऊण किलोमीटरवर असलेले अंबर तळे त्याच उल्केच्या तुकड्याने झाले, असे बरीच वर्षे सांगितले गेले. पुढच्या भूशास्त्रीय पाहणीत त्याला आधार मिळाला नाही. २०२० च्या जूनमध्ये तळ्याचे पाणी गुलाबी झाले तेव्हा तर्क भराभर सुरू झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले : पाणी आटून खारेपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांनी रंग धरला. हे उत्तर काही आठवड्यांत आले.

वयाचे उत्तर मात्र अजून आलेले नाही. १९९७ मध्ये काचेतली साठलेली ऊर्जा तापवून मोजण्याच्या पद्धतीने ५२ हजार वर्षे आली, आणि तोच आकडा सर्वत्र पसरला. २०११ मध्ये आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून ५ लाख ७० हजार वर्षे आली, दोन्ही बाजूंना ४७ हजारांच्या फरकासह. २०१४ मध्ये विश्वकिरणांनी खडकात तयार होणारी समस्थानिके मोजून ३७ हजार ५०० वर्षे आली. पंधरा पटींचा फरक. चूक कोणत्या दिशेला झुकू शकते तेही ठाऊक आहे. मूळ लाव्ह्यातला जुना आर्गॉन वितळताना पूर्ण निसटला नसेल, तर वय वाजवीपेक्षा जास्त दिसेल. काठावरचा वरचा थर पावसाने झिजून गेला असेल, तर विश्वकिरणांचे घड्याळ वाजवीपेक्षा कमी वय दाखवील. धाकटे वय खरे असेल, तर तो भडका आपल्यासारख्याच माणसांनी पाहिला असण्याची शक्यता आहे. थोरले खरे असेल, तर आपली जात तेव्हा जन्मलीच नव्हती. दगडी कुऱ्हाडी घडवणारे आपले कुणी दूरचे पूर्वज या पठारावर असले तर तेवढेच. काठावरच्या काचेचे आणखी कण आणि तळ्यातल्या गाळाचे अधिक खोल गाभे तपासून वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे एकमेकांशी जुळेपर्यंत लोणारच्या माहितीफलकावर एकच वय रंगवणे बरोबर नाही. तिन्ही आकडे, प्रत्येकाची पद्धत आणि प्रत्येकाची संभाव्य चूक मराठीत लिहून लावावी. दैत्यसूदनाच्या कथेला हात लावू नये.